बारा खोल्यांचे बारा उंबरठे

बंगळूर, १८ एप्रिल १९९६

तीर्थरूप गुंडूअण्णांस, धाकट्या रघुपतीचा दंडवत.

हुबळीला वसुमतीवहिनींचा दमा आणि आपले गुडघे आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे मी ठीक. सौ. कौशल्या मात्र महिनाभर अंथरुणावर आहे, खुब्याचे हाड मोडले. आमचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर, पायऱ्या तेवीस; डॉक्टरकडे न्यायचे तर दोन हमाल तिला खुर्चीत बसवून उतरवतात आणि ती डोळे घट्ट मिटून रामरक्षा म्हणते. (एक हमालही म्हणू लागला आहे.) यापुढे ती जिना चढेल असे डॉक्टर म्हणत नाहीत. तळमजल्याची जागा शोधतो आहे, पण कॉम्प्युटरवाल्यांनी भाडी अशी चढवली आहेत की पेन्शनर माणसाने नुसते विचारले तरी घरमालक हसतो.

आता आपण सर्जापूर रोडची जागा दान दिलीत, तिथल्या वृद्धनिवासाची हकीकत. मी तीस वर्षे सरकारी बांधकामावर ओव्हरसियर, म्हणून आपल्या समाजाच्या कमिटीने देखरेख माझ्या गळ्यात घातली आणि नकाशांना शिल्पाश्री नावाची आर्किटेक्ट दिली. वय माझ्या चष्म्याएवढे. पहिल्याच दिवशी म्हणाली, सार, म्हाताऱ्यांची पेन्शन स्वल्प, मग घराने वीज कशाला खायची? तिने जागेवरचीच माती चिमूटभर सिमेंट घालून दाबली आणि विटा पाडल्या, भट्टी नाही. स्लॅबच्या पोटात मंगळुरी कौले भरली. भिंतीत वर झरोके, खाली खिडक्या, पंख्याची गरज नाही. छपरावर उन्हाने पाणी तापवणारा बंब, अंगणात पावसाच्या पाण्याचे टाके, न्हाणीत धरायला दांडे. मी प्रत्येक गोष्टीला नाक मुरडले. ऑक्टोबरात वादळ झाले, तीन दिवस वीज गेली, अख्खा रस्ता बादल्या घेऊन फिरत होता आणि आमचा रखवालदार कढत पाण्याने दोनदा अंघोळ करून बसला होता. तेव्हापासून मी नाक जागेवर ठेवले.

एकच गोष्ट मात्र मी चालू दिली नाही. तिच्या नकाशात उंबरठाच नव्हता! खोली, ओसरी, अंगण, सगळे एका पातळीत, म्हणे चाकाची खुर्ची सरळ यावी. आता अण्णा, उंबरठ्याशिवाय घराला घर कोण म्हणेल? हळदीकुंकू वाहायचे कुठे? समाजाच्या बायकांनी हट्टच धरला, मी तरी काय करणार. ती आठ दिवस म्हैसूरला गेली होती, तेवढ्यात मेस्त्रीला सांगून पाच-पाच इंची काळ्या दगडाचे बारा उंबरठे बसवून घेतले. परत आल्यावर तिने टेप काढून एका उंबरठ्याची उंची मोजली. मी म्हटले, पोरी, नकाशा तुझा, पण रीत आमची.

वास्तुशांतीला बारा उंबरठे पुजायचा मान कौशल्येला दिला. नवी इरकल, दोन्ही हातांत ताट. चार दारे झाली. पाचव्या दारात पाय अडकला आणि ती आडवी झाली, कुंकू भिंतीपर्यंत उडाले. भटजींनी मंत्र थांबवला नाही (दक्षिणा आधीच दिली होती). दुसऱ्या दिवशी शिल्पाश्रीने मशीन आणवून बाराच्या बारा दगड कापून काढले. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो तरी असतो.

अकरा खोल्या चिठ्ठ्या टाकून दिल्या, लोक राहायलाही आले. कमिटीवाल्यांनी चिठ्ठी टाकायची नाही, हा नियम मीच टाळ्या घेऊन पास करून घेतला होता. बारावी खोली दानपत्राप्रमाणे आपल्यासाठी तहहयात राखून आहे. पण अण्णा, मनापासून सांगतो, आपल्याला तिथे करमणार नाही. चहूकडे नाचणीची शेते आणि निलगिरी, बस दिवसातून चार, बेडकांचा ओरडा, आणि शेजारी गोजराबाई, ज्यांना एकच गोष्ट येते आणि ती त्या सगळ्यांना सांगतात. आपण हुबळीतच सुखात आहात.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

आपला
रघुपती

ता.क. बेडूक फक्त पावसाळ्यात ओरडतात. खोली उत्तम आहे. काल भर उन्हात तासभर बसून आलो, घाम आला नाही. ती आम्हाला द्याल का? कमिटीला आपण दोन ओळी लिहिल्यात तर कोणी अडवणार नाही. कौशल्येला अंगण दिसेल.

ता.क. २. बायकांनी हट्ट धरला असे वर लिहिले आहे, ते खोटे आहे. एकीनेही धरला नव्हता. दगड बसवायच्या आदल्या दिवशी कौशल्याच म्हणाली होती, "अहो, म्हातारी माणसं पाय उचलतात का? घासतच चालतात." मी तिला, तुला बांधकामातले काय कळते, म्हणालो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, माझंच लुगडं पायात आलं. मी शेजारी बसून मान डोलावतो.