स्वस्त विजेचे सात तास

२८ ऑक्टोबर
आजपासून घरातली वीज माझ्या ताब्यात. चहाच्या वेळी म्युरियलला तसं जाहीर केलं. ती "बरं" म्हणाली आणि बिस्किटांचा डबा बंद केला.

नवा मीटर बसला. त्यात दोन आकडे, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. रात्री साडेबारा ते सकाळी साडेसात वीज निम्म्याहून कमी भावात. दिवसा मात्र नेहमीपेक्षा महाग. पण दिवसा वीज वापरा असं सांगितलंय कोणी?

फ्लॅटबरोबर चार स्टोरेज हीटर आलेत. आत विटा आहेत. विटा रात्री स्वस्तात तापतात आणि दिवसभर ऊब देतात. इतकी सोपी गोष्ट, पण समुद्रकाठच्या या अख्ख्या मोरकॅम गावात कोणाच्या डोक्यात शिरत नाही. या इमारतीत गॅस नाही म्हणून म्युरियल फ्लॅट घेताना कुरकुरत होती. तिला समुद्र दाखवला. गॅसमधून समुद्र दिसत नाही, असंही म्हणालो. आयुष्यभर गालिच्यांचं दुकान चालवलंय, गिऱ्हाइकाला काय दाखवायचं ते मला कळतं.

२९ ऑक्टोबर
हीटरवर दोन बटणं. डावं विटा किती तापवायच्या याचं, उजवं ऊब किती सोडायची याचं. दोन्ही शेवटपर्यंत फिरवली. अर्धवट कामं मला जमत नाहीत.

म्युरियल म्हणाली, तिच्या आईकडे असेच हीटर होते. आई उजवं बटण रात्री बंद ठेवायची आणि संध्याकाळी उघडायची. तिची आई ढग गडगडले की टेलिफोनवर टॉवेल टाकायची, त्यामुळे बटणं होती तशीच ठेवली.

३० ऑक्टोबर, पहाटे
अप्रतिम. बेडरूम म्हणजे बेकरी. नुसत्या बनियनवर बसून हे लिहितोय. खिडकी उघडावी लागली. म्युरियलने पांघरूण लाथाडलंय आणि झोपेत काहीतरी पुटपुटतेय. बहुधा कौतुक.

संध्याकाळी
हीटर गार. हात लावून पाहिला, कपाळ लावून पाहिलं. विटा अजून सरावल्या नसाव्यात. कोणत्याही नव्या व्यवस्थेला आठवडाभर द्यावा लागतो.

४ नोव्हेंबर
विटा सरावलेल्या नाहीत. संध्याकाळपुरता एक छोटा पंख्याचा हीटर आणला. तो दिवसाच्या दरावर चालतो, पण फक्त पायांसाठी आहे. पाय म्हणजे घर नव्हे, त्यामुळे तो हिशेबात धरत नाही.

७ नोव्हेंबर
निश्चय: घरातलं सगळं काम रात्री हलवायचं. कपडे धुणं, इस्त्री, ओव्हन, आंघोळ.

९ नोव्हेंबर
वॉशिंग मशीन रात्री लावलं. पिळताना ते चालत दारापर्यंत आलं. मी त्यावर बसलो. बसलं की गप्प राहतं, फक्त माणसाच्या दातांना त्रास होतो.

सकाळी वरच्या मजल्यावरच्या मिसेस बिबी दारात उभ्या. विधवा बाई, एकट्या राहतात, आवाज नाजूक. तक्रार येणार म्हणून मी छाती पुढे काढून तयार होतो. तर बाईंनी हातावर आल्याच्या केकची ताटली ठेवली. म्हणाल्या, "मिस्टर थ्रेलफॉल, तुम्ही आल्यापासून इमारत कशी जिवंत वाटते." मशीनचा म पण नाही. कर्तृत्व असलं की शेजारी आपोआप समजून घेतात.

१३ नोव्हेंबर
मटणाचा रस्सा आणि वर बटाट्याचे काप. म्युरियल हा पदार्थ उत्तम करते. आज मी तो पहाटे चार वाजता ओव्हनमध्ये घातला. सहाला तयार. जेवण संध्याकाळी सहाला. मधल्या वेळात त्याचा दगड झाला. परत गरम करावा लागला, दिवसाच्या दराने.

म्युरियलने विचारलं की मग यात वाचलं काय. मी म्हणालो की तत्त्व वाचलं. तिने बटाटे तोडायला मोठी सुरी घेतली.

१८ नोव्हेंबर
म्युरियल हल्ली रोज संध्याकाळी वर जाते. मिसेस बिबींना एकटं वाटतं म्हणे. दोघी मिळून मोठं चित्रकोडं जोडतायत, दोन हजार तुकड्यांचं, सगळं आकाशच. मी परवानगी दिली. एक माणूस कमी म्हणजे पंख्याच्या हीटरचं तोंड पूर्ण माझ्याकडे.

एक नोंद: वर जाताना ती स्वेटर काढून इथे खुर्चीवर ठेवते आणि नुसत्या ब्लाउजवर जाते. वयाने स्त्रियांना विसरायला होतं.

२२ नोव्हेंबर
चहासाठी नवी पद्धत. किटली सकाळी सात वाजता, स्वस्त दरात, सलग चार वेळा उकळायची. पाणी थर्मासांत भरायचं. दिवसभर चहा फुकटात.

संध्याकाळचा चहा कोमट लागला आणि त्याला बुचाचा वास आला. मी दोन कप प्यायलो, मुद्दाम म्युरियलसमोर. ती कप हातात धरून बसली. म्हणाली, थंडीने बोटांची पेरं सुजलीत, विणकामाची सुई धरवत नाही. मी म्हटलं, कप धर, कपाने ऊब येते. ती म्हणाली, "लायनेल, या कपाला मीच ऊब देतेय."

मग वर गेली.

२७ नोव्हेंबर
बोलिंग क्लबचे सेक्रेटरी नॉर्मन हॅल्सॉल भेटले. हिवाळ्यात क्लबच्या हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ बंद, त्यामुळे दर महिन्याला कोणाचं तरी भाषण असतं. जानेवारीत घुबडांवर बोलणारे गृहस्थ आजारी पडलेत. मी लगेच नाव दिलं. विषय: 'रात्रीची वीज, दिवसाची चैन'. नॉर्मन म्हणाले, स्लाइड्स आहेत का. म्हटलं, मी स्वतः आहे.

म्युरियलला सांगितलं. तिने विचारलं, घुबडवाले फारच आजारी आहेत का.

११ डिसेंबर
बिल आलं.

१२ डिसेंबर
बिल पुन्हा पाहिलं. आकडा इथे लिहीत नाही, रोजनिशी कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. रात्रीचा आकडा सुंदर आहे. दिवसाचा आकडा दुसऱ्याच कोणाचा असावा. कंपनीला चूक सुधारायची संधी द्यायला हवी.

फोन केला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, संध्याकाळी घरात काही जास्तीचं लावता का?" म्हटलं, काहीही नाही. ती म्हणाली, "पंखा वगैरे?" म्हटलं, तो पायांचा. तिने लगेच फोनवर संगीत लावलं. हल्ली लोकांना नीट प्रशिक्षण देत नाहीत.

म्युरियलने बिल वाचलं, घडी घालून पाकिटात ठेवलं, पाकीट बंद केलं आणि वर गेली. काहीतरी बोलली असती तर उत्तर तयार होतं.

१७ डिसेंबर
बाचाबाची. कारण क्षुल्लक. मी सुचवलं की ख्रिसमसची टर्की आदल्या रात्री भाजून घेऊ. म्युरियल म्हणाली, "तू पहाटे आंघोळ करतोस, मी बोलले नाही. मध्यरात्री मशीनवर घोड्यासारखा बसतोस, बोलले नाही. दिवसभर थर्मासातलं पाणी पाजतोस. पण ख्रिसमसला मी गार टर्की खाणार नाही, आणि या खोलीत हातमोजे घालून तर मुळीच खाणार नाही."

मी समजावलं की हा पहिला हिवाळा आहे, फायदा हळूहळू दिसेल. ती म्हणाली, "कोणाला दिसेल?"

रात्री ती मिसेस बिबींच्या सोफ्यावर झोपली. तिला सर्दी होणार असं दिसतंय, वेगळं झोपलेलं बरं.

१८ डिसेंबर
कानटोपी घालून झोपलो. पहाटे बनियनवर आलो. मग खिडकी उघडली. संध्याकाळी पुन्हा कानटोपी. शरीर कणखर होतंय.

घर फार शांत आहे. मशीन लावलं, सोबत म्हणून. धुवायला काही नव्हतं.

२५ डिसेंबर
जेवण वर, मिसेस बिबींकडे. केवळ त्यांच्या आग्रहाखातर. वर चढताच चष्म्यावर वाफ आली. बाई अर्ध्या बाह्यांच्या फ्रॉकमध्ये. खिडकीत कुंडीला डिसेंबरात फुलं. म्युरियलचे गाल गुलाबी, ती हसत होती, रिवाजाप्रमाणे पुडिंगवर दारू ओतून ती तिने स्वतः पेटवली. तिला इतकं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं. मला दुसऱ्यांदा वाढताना बाईंनी माझ्या दंडावर हलकेच थोपटलं. का ते कळलं नाही.

मनाशी ठरवलं, एकदा त्यांना विजेच्या बाबतीत मार्गदर्शन करायचं. एकटी बाई, इतकी गरम खोली, बिल किती येत असेल.

२ जानेवारी
म्युरियल झोपायला खाली परत आली, पण संध्याकाळी वरच. मी भाषण आरशासमोर म्हणतोय. बोलताना तोंडातून वाफ निघते. सभागृहात निघणार नाही, तेव्हा भाषण आणखी चांगलं होईल.

१६ जानेवारी
भाषण झालं. थोडक्यात लिहितो.

क्लब भरलेला. म्युरियल आणि मिसेस बिबी दुसऱ्या रांगेत. मी विटांपासून सुरुवात केली, दोन्ही बटणं शेवटपर्यंत का फिरवावीत ते सांगितलं, धुणं, रस्सा, थर्मास, सगळं. लोक शांतपणे ऐकत होते. एका आजोबांनी विचारलं की संध्याकाळी ऊब राहते का. मी म्हटलं की ऊब ही मनाची अवस्था आहे. नॉर्मननी विचारलं, मग पैसे वाचतात की नाही, हो की नाही तेवढं सांगा.

मी पाणी पीत होतो, तेवढ्यात मिसेस बिबी उभ्या राहिल्या. त्या चांगल्या मनाने उभ्या राहिल्या, हे मला मान्य करावंच लागेल. त्यांना वाटलं मी अडचणीत आहे.

म्हणाल्या, "वाचतात तर. मी साक्षीदार आहे. मिस्टर थ्रेलफॉलांचे हीटर रात्रभर इतकी ऊब सोडतात की माझी जमीन पावाच्या भट्टीसारखी होते, आणि जाड गालिच्यामुळे ती रात्री झोपेपर्यंत टिकते. नोव्हेंबरपासून मी माझा एकही हीटर लावलेला नाही. बिल निम्म्यावर आलं. मी म्युरियलला म्हटलं, आपण वाटून घेऊ, तर ती म्हणाली, त्याला सांगू नका, त्याचं मन मोडेल."

मग नॉर्मन म्हणाले, "म्हणजे योजना पक्की आहे. फक्त एक मजला वर राहायचं." मग सगळे हसले. ते आजोबा तर खुर्चीवरून घसरले.

मी म्युरियलकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती उठली आणि लोकांना म्हणाली, रात्रीचा दर वाईट नाही, स्टोरेज हीटर असतील तर तोच घ्यावा, पण उजवं बटण रात्री बंद ठेवायचं, संध्याकाळी उघडायचं, आणि दिवसा दुसरं काही फार लावायचं नाही, कारण दिवसाच्या चढ्या दराने सगळी बचत खाल्ली जाते. हे सगळं दोन मिनिटांत. मला चाळीस लागली होती. लोक कागदाच्या रुमालांवर लिहून घेत होते. फेब्रुवारीच्या भाषणासाठी नॉर्मननी तिचं नाव लिहिलं.

घरी चालत आलो. ती म्हणाली, ख्रिसमसच्या पुडिंगचा तुकडा अजून उरलाय, ते टिकतं, खाशील का. मी हो म्हणालो.

१७ जानेवारी
म्युरियलने बटणं फिरवली. चारही हीटरची. मी त्या वेळी दुसऱ्या खोलीत पेपर वाचत होतो.

१८ जानेवारी, संध्याकाळ
बैठकीची खोली गरम आहे. पंख्याचा हीटर बंद. म्युरियल वर गेली नाही. माझ्यासमोर बसून काहीतरी विणतेय, पाय वर घेऊन. मिसेस बिबींनी वरून निरोप पाठवला की आज त्यांच्याकडे जरा गारठा आहे, त्या स्वेटर शोधतायत.

मी म्युरियलला म्हटलं की वारा पडलाय, म्हणून आज ऊब वाटते.

ती म्हणाली, हो, पडलाय.

समुद्राकडची खिडकी खडखडत होती, पडदा हलत होता. आम्ही दोघंही ऐकत बसलो.