ते एक पान सोडून

९ जुलै २०१७, तलासरी
आमच्या 'ताराबाईची रिक्षा' कॉमिकचा बाविसावा भाग आज नेटवर चढला. नेहमीसारखंच : चित्रं माझी, संवाद माझ्या मैत्रिणीचे, प्राचीचे. डहाणूला तिच्या बाबांच्या झेरॉक्सच्या दुकानात स्कॅनिंग, अक्षरंही तिथेच. झाई गावच्या कुणी बाईंनी लिहिलंय, "ही तर आमच्याच नाक्यावरची रिक्षावाली." ताराआत्याला दाखवलं. "माझं नाक एवढं मोठं आहे काय गो?" म्हणाली. पण दोनदा बघितलं.

२ ऑगस्ट
कलेच्या पदविकेला नंबर लागला! दोन वर्षं. प्राचीने मिठीच मारली. लगेच पुढे, "आणि दर रविवारचं पान?" म्हटलं देईन. देईनच.

१२ नोव्हें.
दिलं नाही. सलग तिसरा रविवार. स्थिरचित्र, अक्षरलेखन, सबमिशन... प्राचीने फोनवर फक्त पुढच्या पानाचे संवाद वाचून दाखवले, तेच जास्त लागलं.

२१ जाने. २०१८
आत्या आज रिक्षा धुताना आपणहून बोलायला लागली. तिने सासर सोडलं, लेक तिथेच राहिली, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. पण निघताना लेकीच्या मुठीत तिचा पदर होता आणि एकेक बोट सोडवून ती निघाली, हे कुणालाच नाही. "तुला सांगितलं. पोटात ठेव."
घरी येऊन एक पान काढलं. झोपलेली पोर, मूठ, पदर. शब्द नाहीत. माझ्या हातून इतकं चांगलं आजवर काही उतरलेलं नाही.

२८ जाने.
राहवलं नाही, दुकानात जाऊन प्राचीला दाखवलं. आत्याचं सगळं सांगितलंही. ती म्हणाली, "आपल्या गोष्टीचं हेच शेवटचं पान." म्हटलं, नाही, बाकी सगळं घाल, हे एक सोडून. बरं म्हणाली. दुमडू नये म्हणून तिनेच पान आत नेलं आणि पाकिटात घालून मला परत दिलं.

२ डिसें.
मुंबईच्या कॉमिक्स प्रदर्शनात टेबल मिळालं! आमचं पहिलं छापील पुस्तक!! आणि नेमकी त्याच दिवसांत माझी परीक्षा. प्राची म्हणाली, "तू पेपर दे, मी आहे ना." छपाईसाठी मूळ पानं सगळी तिच्याकडेच आहेत.

२३ डिसें.
सगळी पुस्तकं गेली म्हणे. माझी प्रत? "संपल्या गं. पुढच्या छपाईत."

११ फेब्रु. २०१९
शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मी ताराबाई दिली होती. सरांनी सगळ्या वर्गासमोर टेबलावर एक पुस्तक ठेवलं. "ही नक्कल चालणार नाही."
मुखपृष्ठावर माझी आत्या. खाली, कथा आणि चित्रे : प्राची. माझं नाव आत शोधलं. आभारात सापडलं, 'प्रोत्साहनाबद्दल'. आणि शेवटच्या पानावर ती मूठ.
सर म्हणाले, तुझी असतील तर मूळ चित्रं आण. सोमवारपर्यंत. नाहीतर प्रकल्प बाद.

१२ फेब्रु.
डहाणू. दुकानात गिऱ्हाईक होतं तरी बोलले. प्राची म्हणाली, "वर्षभर तू होतीस कुठे? तुझी जुनी चित्रं खाली ठेवून मी गिरवत बसले. लोक चित्रकार कोण विचारत होते, समोर मी होते."
"आणि शेवटचं पान?"
"पाकिटात घालायच्या आधीच स्कॅन केलं होतं. ते नसतं तर पुस्तकाकडे कुणी वळूनही बघितलं नसतं."
बाकीची मूळ पानं मागितली. "शोधते." मान वर केली नाही.
तिचं अर्धं खरं आहे. त्यामुळे धड रडताही येईना.

१५ फेब्रु.
मी सांगायच्या आधीच कुणा पॅसेंजरने आत्याला मोबाईलवर ते पान दाखवलं. नाक्यावर एवढंच म्हणाली, "मी तुला सांगितलेलं. तिला नाय." रिक्षात जागा होती. मी चालत आले.

१७ फेब्रु., रविवार
प्राची फोन उचलत नाही. माझ्याकडे मूळ पान एकच. तेच. पेन्सिलीच्या खुणा आहेत, कोपऱ्यात सही, तारीख. उद्या सरांपुढे ठेवलं तर सुटले. पण मग प्राचीने केलं तेच मी...
दुपारी आत्याकडे घेऊन गेले. सगळं सांगितलं. म्हटलं, तू नको म्हणालीस तर नेणार नाही.
तिने हात पुसले. पान उजेडात धरलं. मला वाटलं फाडते आता.
"चुकलंय."
"काय?"
"डोळे मिटलेले काढलेस तिचे. झोपलेली नव्हती ती. बघत होती."
पान परत माझ्या हातात दिलं आणि भात बघायला आत गेली. मी दारात थांबले होते. भांड्यांचा आवाज येत राहिला.
सरांनी साडेनऊला बोलावलंय.