डेमॉन्स्ट्रेटर मॅडमची आई

५ जानेवारी
लेकीच्या जुन्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये निम्मी पानं कोरी निघाली. रद्दीत घालायला मन होईना. आजपासून यात लिहायचं. शाळा चौथीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण वाचणार कोण? मीच.
संकल्प तीन. रोज लिहायचं. कुणावर चिडायचं नाही. लेकीला आपल्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर करायचं.
तिसरा झाल्यातच जमा. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं काचेची भांडी धुते. लेक त्याच लॅबमध्ये बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. जूनमध्ये डेमॉन्स्ट्रेटरची एक जागा निघतेय. पांढरा कोट घालायचा, पोरांना प्रयोग दाखवायचे, चहा जागेवर. हेडसर म्हणाले, ज्याचं शेवटचं प्रॅक्टिकल सगळ्यात चांगलं, त्याचा विचार करू. शिवाय घर सात मिनिटांवर. दुपारी डबा गरम खाईल. मुलीला आणखी काय हवं?
तिला विचारलं नाही. त्यात विचारायचं काय?

१० जानेवारी
मधे चार दिवस लिहिलं नाही. कामं असतात माणसाला.
स्टोअरकीपर म्हणाला, मावशी, एवढी केमिस्ट्री शिकवून पोरगी याच चार भिंतींत ठेवणार होय? मी म्हटलं, तुमच्या बाटल्या मोजा, त्यातली एक कमी आहे. तसं काही नव्हतं. बसला मोजत दुपारपर्यंत.
हे चिडणं नव्हे.

१९ जानेवारी
कॉलेजात भाषणं होती, केमिस्ट्रीनंतर पुढे काय. मी मागे फरशी पुसत ऐकली. एकच फरशी दीड तास.
औषध कंपनीवाला आला. म्हणाला, गोळीतला कण न् कण तपासावा लागतो, रात्रपाळी असते. बाद. रंग कंपनीवाल्याच्या बोटांना अजून निळं लागलेलं. बाद. अत्तरवाली म्हणाली, नाक जपावं लागतं. म्हणजे घरी फोडणी बंद. बाद. पोलिसांच्या लॅबमधल्या बाईंनी रक्ताच्या डागांचं सांगितलं तेव्हा मी बादलीच उचलली. शेवटी पाणी तपासणाऱ्या बाई. गावोगावचं पाणी बाटलीत घ्यायचं आणि त्यात काय आहे ते शोधायचं. पाण्यात पाणी असतं, आणखी काय असणार?
लेकीने त्या बाईंचं सगळं वहीत उतरवून घेतलं. समोर बसल्यावर तेवढं करावंच लागतं. चांगलं वळण आहे पोरीला, माझंच.

३ फेब्रुवारी
घरभर बाटल्या. आमच्या नळाचं पाणी, शेजारणीच्या नळाचं, कॉलेजच्या टाकीचं. प्रत्येकीवर चिठ्ठी. अभ्यासक्रमात असणार. आमच्या टाकीच्या पाण्यात काहीतरी सापडलं म्हणून रविवारी मला टाकीत उतरवलं. आत शिरताना कंबर अडकली. हे वर उभे राहून सूचना देत होते, डावीकडे वळ. टाकी गोल आहे.
बाहेर काढल्यावर हे म्हणाले, पोरीचं लक्ष कुठे आहे बघ जरा. मी म्हटलं, पाण्यात आहे, दिसत नाही का? बापमाणसाला शिक्षणातलं काय कळतं?

१२ फेब्रुवारी
डेमॉन्स्ट्रेटर मॅडमच्या आईला केमिस्ट्री यायला हवी. नवा संकल्प: रोज दहा मूलद्रव्यांची चिन्हं पाठ.
पहिलंच सोडियम. चिन्ह एनए. मी म्हटलं, एसओ का नाही? लेक म्हणाली, जुनं नाव वेगळं होतं. मग पोटॅशियमला के. तिथेही तेच. जुनीच नावं लावायची होती तर नवी ठेवली कशाला? कुणाला विचारायची सोयच नाही.

१३ फेब्रुवारी
चिन्हं सोडली नाहीत. थांबवली आहेत.

२१ फेब्रुवारी
लेकीने विचारलं, आई, परगावी मुलीने खोली घ्यायची तर काय काय बघायचं? कुणा मैत्रिणीसाठी असणार. मी तासभर सांगितलं. कडी आतून हलवून बघ. खाली दुकान असावं, पण वेल्डिंगचं नसावं. मालकीण कजाग असली तर डोळे मिटून घे, तिच्या दारात टवाळ पोरं उभी राहत नाहीत. लेक म्हणाली, म्हणजे तुझ्यासारखी? मी म्हटलं, माझ्यासारखी मिळायला नशीब लागतं.
सगळं लिहून घेतलं तिने. परक्या पोरीसाठी एवढा जीव टाकते!

४ मार्च
उद्या शेवटचं प्रॅक्टिकल. मी कुणाच्या मध्ये पडत नाही. फक्त तिच्या टेबलावरचे दोन फ्लास्क वेगळे धुतले. साध्या पाण्यावर भागवलं नाही. घरून धुण्याचा सोडा नेला होता. घट्ट कालवून ब्रशने आतून घासले. हात दुखला. मग तीनदा विसळायचे असतात. पण स्टोअरकीपर दारात किल्ल्या वाजवायला लागला, मावशी, तुमचं घर इथेच आहे का? म्हणून एकदाच विसळले. पण चकाकी अशी की बाकीची भांडी त्यांच्या शेजारी मळकट दिसायला लागली.

५ मार्च
लॅबच्या दारात उभी होते. सहज.
लेकीने फ्लास्कमध्ये ॲसिड घेतलं, वरून नळीतून थेंब थेंब अल्कली सोडली. आकडा आला तो चुकीचा. दुसऱ्यांदा केलं, आणखी वेगळा. बाकी सगळ्यांचे जुळत होते. तिच्या कपाळाला घाम. बाहेरून आलेले परीक्षक येऊन उभे राहिले.
मग पोरीने काय करावं? त्याच फ्लास्कमध्ये नुसतं शुद्ध पाणी घेतलं आणि रंग बदलणारे दोन थेंब टाकले. पाणी गुलाबी झालं. नुसतं पाणी! परीक्षकांनी चष्मा वर केला. लेक म्हणाली, सर, ॲसिड बरोबर आहे. फ्लास्कला सोडा लागलाय. भांडी स्वतः धुऊन पुन्हा करू का?
परीक्षकांनी विचारलं, ही भांडी धुतं कोण?
अख्ख्या लॅबने दाराकडे पाहिलं. मी फरशी पुसायला घेतली. हातात फडकं नव्हतं, पदराने पुसली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
वाटलं, घरी आल्यावर रडेल. मला म्हणाली, आई, सोडा किती घातलास? मी म्हटलं, मूठभर. ती हसायला लागली ती थांबेचना. हेही हसले. यांना विचारलं कुणी?
मी हसले नाही. जागा गेली असं वाटलं. पण ते कुणाला सांगितलं नाही.

९ मार्च
सगळ्यात जास्त मार्क लेकीला! चूक कुठून आली ते पकडलं म्हणून. स्टोअरकीपरला सांगितलं, बघा, मी सोडा घातला नसता तर तिने पकडलं काय असतं? तो म्हणाला, मावशी, तुमचे उपकार कसे फिटणार! माणूस सुधारतोय.
हेडसरांनी जागा देऊ केली. लेक म्हणाली, आभारी आहे सर, पण मी पाणी तपासायच्या लॅबमधल्या नोकरीला होकार कळवलाय. गाडीने सहा तास.
सहा तास.
यांना जानेवारीपासून माहीत होतं. मला का सांगितलं नाही विचारलं, तर हे उठून भात लावायला गेले.
चिडले नाही. एक बीकर फुटला. तो आधीच तडकलेला होता.

२ जून
लेक गेली. जाताना गाडीच्या खिडकीतून म्हणाली, रडू नकोस. मी म्हटलं, डोळ्यात धूळ गेली. ती म्हणाली, दोन्ही?
खोली बघून ठेवलीय तिने. मालकीण कजाग आहे म्हणे.
डबा दुपारी उघडला. सवयीने दोघींचा भरला होता.

१५ जून
फार विचार करून नवा बेत केलाय. एवढी मोठी लॅब म्हणजे भांडी डोंगराएवढी. धुणारं माणूस लागणारच. आपणच जावं. एकोणीस वर्षांचा अनुभव, वर आता सोड्याचाही. हे राहतील इथे, यांना भात येतो.
फोन केला. लेक म्हणाली, आई, इथे भांडी मशीन धुतं. मी म्हटलं, मशीनला कोपरे दिसतात का? ती म्हणाली, दिसतात गं. तू कामाला नको येऊस. नुसती ये, दोन दिवस राहा. मी पाणी पाजते तुला, तपासलेलं.

२० जून
दोन म्हणाली म्हणजे तिला दहा म्हणायचं असणार. आईला एवढं कळतं. दहा दिवसांच्या सुट्टीचा अर्ज टाकला. कारण: मुलीला माझी गरज आहे.
हेडसरांनी अर्ज वाचला, खिशातून पेन काढलं, दहा खोडून दोन केले आणि सही ठोकली. मी म्हटलं, सर, हे काय?
म्हणाले, सकाळीच तिचा फोन येऊन गेला.