नट राहिला!

२३ ऑक्टोबर

ब्रेकचं पॅडल थेट तळाला गेलं! नशीब, अंगणातच. मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी गंजून फुटली, खाली तेलाचं थारोळं. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ दर हिवाळ्यात गाडी खातं. बाबांच्या गाडीत आता खायला उरलंय काय? आणि एक तारखेला, मृतांच्या सणाला, हिच्यातूनच घाट ओलांडून आईच्या कबरीवर जायचं — मेणबत्त्या, शेवंतीच्या कुंड्या, सगळं घेऊन.

लेशेकचा फोन. "ताई, गॅरेजला दे ना! बाबा हट्टी, आणि तूही तशीच!" तिकडे दूर व्रोत्स्वाफ शहरात बसून बोलायला काय जातंय त्याचं.

२५ ऑक्टोबर

बाबा तांब्याची नळी घेऊन आले. "माझ्या गाडीखाली परका माणूस शिरणार नाही." उभा जन्म बस डेपोत ब्रेकच केले त्यांनी. नळीचं तोंड फुलवलं, अगदी देखणं — आणि नट ओवायचा राहिला! तोंड फुलल्यावर तो काही चढत नाही. कापा, पुन्हा करा. पोट धरून हसलो दोघं. "ही चूक ज्यानं केली नाही, त्यानं ब्रेकला हातच लावला नाही," म्हणाले.

२६ ऑक्टोबर

पुन्हा नट राहिला.

२७ ऑक्टोबर

आजही. कोणी हसलं नाही. नळी आखूड होत चाललीय. म्हटलं, "बाबा, नट मी ओवून देऊ?" — "आता तू मला शिकवणार?" पाना आदळला. जेवले नाहीत, कोबी-मांसाचा बिगोस तसाच पडून राहिला.

आता मला नळीची भीती वाटत नाही. त्यांची वाटते. लेशेकला काय कळवू?

२९ ऑक्टोबर

जमलं! नवी नळी आणली, नट मी आधीच गुपचूप ओवून ठेवले. त्यांना वाटलं, त्यांनीच ओवले. वाटू दे.

मग ब्रेकच्या नळीतली हवा काढायची — मी पॅडलवर, ते गाडीखाली. "दाब! — धर! — सोड!" आवाज अगदी पूर्वीचा. "तुझी आई पाय जराही हलवायची नाही." रडू आलं मला. खालून दिसत नव्हतं ते बरं.

३१ ऑक्टोबर

गल्लीच्या उतारावर ब्रेक मारमारून पाहिले. शेजारच्या काझियाबाई कुंपणावरून — "अहो, चाचणी आहे की वरात?" गाडी थांबते. तरी जीव थाऱ्यावर नाही.

१ नोव्हेंबर

चालवायला बाबाच. घाटभर मी माझ्या बाजूला नसलेलं पॅडल दाबत होते. ब्रेक चोख लागले!

कबरस्तानाच्या फाटकाशी थांबलो. मी शेवंती उतरवली, बाबा उतरेनात. इंजिन चालूच.

"मी बसतो इथंच. तू जा, आईला घेऊन ये. म्हणावं, गप्पा पुरे, अंधाराच्या आत घाट उतरायचाय."

परत येताना गाडी मी चालवली.