साखरपाण्याचा बोळा

सोमवार, १२ जानेवारी. नांदेड.

आज हदगावहून वहिनी सईला घेऊन माझ्या ओपीडीत आली. नणंद आहारतज्ज्ञ असल्याचा तेवढा फायदा. नऊ वर्षांची पोर, पण चार-चार दिवस पोट साफ होत नाही. वहिनीनं विचारलं, "ताई, माझं दूध उशिरा, तिसऱ्या दिवशी उतरलं. त्याच्यानंच हिचं पोट बिघडून राहिलं का?"

"एवढ्यावरून सांगता येत नाही," मी म्हणाले. चूक नव्हतं, पण अर्धंच होतं. तिसरा दिवस म्हणजे उशीर नव्हेच. तोवर बाळाला चीकदूध पुरतं. हे का गिळलं मी? त्या कापसाच्या बोळ्यामुळे. सई जन्मली तेव्हा पहिले दोन दिवस, माझ्या आईच्या सांगण्यावरून, वहिनी झोपलेली असताना, साखरपाण्याचा बोळा सईच्या ओठांवर मीच पिळत होते.

शेवटी बसस्टँडवर दोन्ही सांगून टाकलं.

"बोळ्याचं म्हाईत हाय मला. जागीच व्हते मी," वहिनी म्हणाली. "तुमचा हात लई हळू व्हता." मग सईची वेणी उगीच सारखी करत राहिली. "ते दुधाचं पुन्हा सांगा बरं, ताई. उशीर नव्हता ना?"

नव्हता, म्हटलं. बस सुटेपर्यंत तिनं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा सांगितलं.