रविवारच्या आत मागची खोली

आर्णी,
फेब्रुवारी २००६

प्रिय उमेरा,

तुझ्या मागच्या खोलीत ठेवलेल्या कापसापायी खरं काय काय खर्ची पडलं, ते आज दुकानात बसल्या बसल्या मनाशी जुळवलं. अतियाचे हात कोपरापर्यंत खाजून लाल झाले. ईद झाल्यापासून तुझा बिछाना स्वयंपाकघरात, सिलिंडरशेजारी. जीशान शनिवारी नागपूरहून येतो आणि सासऱ्याचं नाव न काढता जेवून झोपतो. रुई अडकून पंखा जळाला. भिंतीवर दाराएवढा पिवळा डाग पडला. आणि घरमालकीण असून विमलताईंनी आपल्यावर टाकलेला भरवसा. बाकीचं सगळं खर्च होऊन गेलेलं आहे, हा एवढा खर्च अजून व्हायचा आहे. रविवारी त्या घर बघायला येतात, तेव्हा कळेल.

गाडी आली, माल उचलला गेला, खोली मोकळी झाली, हे तू फोनच्या बूथवरून आईला सांगितलंस ते बरं केलंस. त्याच संध्याकाळी विमलताईंचा कळंबहून इकडे फोन आला. आईनंच घेतला. अकरा महिने भरत आले, बापूजींच्या गुडघ्याला आराम पडला तर रविवारी दोघं येतो, घर पाहतो, मग नवा कागद करू, असं म्हणाल्या. आई म्हणते आवाज अगदी गोड होता. मला गोड आवाजाची जास्त भीती वाटते. माल नापसंत करायचा असतो तेव्हाच व्यापारी आधी चहा मागवतो. त्या दिवसापासून मला झोप नाही, आणि आई म्हणते तुमच्या कुशी बदलण्यानं मलाही नाही. म्हणून हे लिहायला बसलो. टपालानं रविवारच्या आत पोचेल याचा भरवसा नाही, तेव्हा रामसिंग ड्रायव्हरच्या हाती देतोय, सकाळच्या गाडीनं. मराठीत लिहितोय कारण आपण घरात बोलतो ती भाषा मला लिहिता येत नाही. मास्तरांनी चौथीपर्यंत जेवढं घोकून घेतलं तेवढ्यावर माझा धंदा उभा आहे.

हे घर कसं मिळालं ते तू विसरली नसशील. अर्ध्या यवतमाळनं आपलं नाव ऐकलं आणि खोली कालच दिली म्हणून सांगितलं, आणि त्यांच्या दारावरची 'भाड्याने देणे आहे' ही पाटी पुढे महिनाभर उन्हात वाळत होती. विमलताईंनी नाव विचारलं, ऐकलं, आणि अतियाकडे वाकून म्हणाल्या, 'भितीवर रेघोट्या वढतं का गं तू?' त्यांचे यजमान बापूजी ओट्यावरून म्हणाले, 'लेकरू हाय, वढंनच. तू काय हातात पाटी-पेन्शिल घेऊन जन्मली होती?' तिथंच घर ठरलं. अटी दोनच. भिंतीला खिळा ठोकायचा नाही आणि घरात माल भरायचा नाही. 'राह्याले देतो भाऊ, गोदामाले नाही,' हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं होतं, तुझ्याकडे नाही. बाई हुशार आहे. शाळा पायी जाण्याजोगी, खाली नळ, शेजार चांगला. हे घर गेलं तर तू पोरीला घेऊन पुन्हा पाट्या वाचत फिरशील, आणि त्या पाट्यांमागची माणसं काही बदललेली नाहीत.

तरी मी माल भरला. यंदा इकडे कसं झालंय ते तू लांबून पाहतेस. सरकारी खरेदी केंद्रावरचा भाव पडला आणि आर्णीपासून मारेगावपर्यंत ज्याच्या घरी जाशील त्याच्या पलंगाखाली कापूस. लेक माहेरपणाला आली तर तिला बसायला पाट सापडत नाही. सगळे थांबलेत, आज वाढेल, उद्या वाढेल. मीही त्यातलाच. माझी टिनाची शेड भरली, आणि तुझं घर केंद्राच्या जवळ, गर्दी ओसरली की लगेच गाडी लावता येईल, असा हिशोब केला. तू एकदाच विचारलंस, अब्बा, ताईंनी नको म्हटलं होतं ना. मी म्हटलं, आठवड्याचा प्रश्न आहे बेटा. आणि माल चोख आहे, कोरडा आहे, खोलीला डागही लागणार नाही. ते मी उगीच म्हणत नव्हतो. जिनिंगमध्ये गठ्ठे वाहणारा हमाल होतो मी, तिथून गादीवर बसलो तो या कानांच्या जोरावर. सरकी दाताखाली दाबली की तिच्या आवाजावरून ओलावा सांगणारा माणूस या तालुक्यात कोण, असं कोणालाही विचार. केंद्रावर मालाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं ओलावा मोजायचं यंत्र आणलं तेव्हा बाजारातली पोरं म्हणाली होती, 'साहेब, पेटी बंद करा, रहमतभाईच्या दाताले इचारा.' भिंतीपलीकडे दोघं कुजबुजत भाव ठरवायचे आणि मी अलीकडे बसून आकडा सांगायचो. माझा कान कधी चुकला नाही.

आता कामाचं. आधी झाडू हातात घेऊ नकोस. कोरडा झाडू मारला की रुई उडते, घरभर फिरते आणि चहा होईस्तोवर पुन्हा जागेवर येऊन बसते. खिडक्या लाव. झाडूला ओलं फडकं गुंडाळ आणि वरून खाली ये, आधी छत, मग पंख्याची पाती, मग खिडकीची जाळी, फरशी सगळ्यात शेवटी. जाळीतले धागे फडक्यानं निघत नाहीत. घट्ट कणकेचा गोळा घे आणि थापत जा, रुई गोळ्याला चिकटून येते. हे मला जिनिंगमधल्या धुरपताबाईनं शिकवलं होतं. तिची गंमत म्हणजे रुईबद्दलही ती नणंदेबद्दल बोलल्यासारखी बोलायची. 'तिच्यामांगं धावशीन तं ते पयते. बसू दे तिले, मंग धर.' बटनांच्या बोर्डावरही हाच गोळा चालतो, पण आधी मेन स्विच पाड. जळालेल्या पंख्याची मोटर जीशानला नव्यानं बांधून द्यायला सांग, त्या निमित्तानं तरी त्याचे हात माझ्या नावानं चालतील.

फरशीच्या फटीत सरकी राहिली असेल. ती केसांच्या आकड्यानं एकेक काढ, नाहीतर उंदीर तुझ्याआधी शोधतील. लाल किडे दिसले तर भिंतीवर चिरडू नकोस, त्यांचा डाग बसतो; सुपलीत झटकून साबणाच्या पाण्यात टाक. गाद्या-वाकळा दिवसभर कडक उन्हात घाल, दुपारी उलट. पांघरुणं उकळत्या पाण्यात. अतियाचे कपडे वेगळे धू. खाज कापसाच्या धुळीची असते, धूळ गेली की जाते, तरी तिच्या हातांना खोबरेल लावत जा आणि तिला सांग की आजोबा विचारत होते.

न्हाणीतल्या नळावर पांढरा थर आला असेल, तिकडचं पाणीच तसं. लिंबाच्या फोडीवर मीठ घेऊन रात्री चोळून ठेव, सकाळी घास. गॅसच्या ओट्याला धुण्याचा सोडा आणि गरम पाणी. मागच्या दाराच्या बिजागरीत शिलाई मशीनचं तेल सोड. आई म्हणते ते दार फार करकरतं. आणि वास. बंद खोलीत कापूस बसला की जो आंबूस वास राहतो, त्यावर लोबान, उदबत्ती काही लावू नकोस. दाबलेला वास असला की पाहणारा जास्त हुंगतो. कोपऱ्याकोपऱ्यात उघड्या भांड्यात कोळसा ठेव, दिवसा खिडक्या उघड, बाकी हवा करेल.

राहिला डाग. ओल्या भिंतीवर चुना मारलास तर दोन दिवसांत पिवळं पुन्हा वर येतं. आधी पत्र्यानं खरवड, वाळू दे, मग चुन्यात चिमूटभर नीळ आणि थोडा डिंक घालून हात दे. चुना डोळ्यात जाऊ देऊ नकोस, पोरीला लांब ठेव. आणि एकच भिंत रंगवू नकोस, चारही रंगव. एकच पांढरी झाली तर ती ओरडून सांगते की इथं काहीतरी झालं.

इथवर लिहिलं आणि पेन ठेवून दुकानाबाहेर जाऊन आलो. चौकातल्या टपरीवर उभा राहिलो, चहा सांगितला आणि न पिता परत आलो. उमेरा, मी आयुष्यभर कापूस पाहिला. गाडी आली की कच्चा माणूस वरचा कापूस बघतो. वरचा नेहमी पांढराच असतो, शेतकरी काय वेडा आहे. पक्का माणूस बाही सारून ढिगाच्या मध्यात हात घालतो आणि आतली मूठ बाहेर काढतो. विमलताई कळंबच्या कापूसवाल्या घरातल्या. जन्म वेचणीत गेला त्यांचा. त्या तुझा धुतलेला ओटा बघून खूश होतील असं मला वाटत नाही. त्या माळ्यावर बघतील, गादी उचलतील, दारामागं हात फिरवतील. आणि चारही भिंतींना ताजा चुना दिसला की पहिला प्रश्न हाच करतील, की भाड्याच्या घराला भाडेकरीण स्वतःहून चुना काहून लावते. तू खोटं बोलताना कानाची पाळी ओढतेस, लहानपणापासून. त्यांना तेवढं पुरेल. आणि एकदा त्यांनी तुला खोटं बोलताना पकडलं, की मग कापसाची गोष्ट राहणार नाही. ज्या लोकांनी आपल्याला पाटी असून खोली दिली नाही, ते बरोबर होते, असं त्या बाईला वाटेल. ते मला सोसायचं नाही.

तेव्हा वर चुन्याचं जे लिहिलं ते सोडून दे. बाकी सगळं कर, घर आरशासारखं ठेव, कारण घाण घरातून मागितलेली माफी कोणी ऐकत नाही. डाग मात्र खरवडून, वाळवून उघडा ठेव. त्या उंबऱ्यात आल्या की पाणी दे आणि चहाच्या आधी मागच्या खोलीत ने. सांग, इथं अब्बांचा कापूस होता, तुम्ही नको म्हटलं होतं तरी होता, हा त्याचा डाग, चुना आणून ठेवलाय, तुम्ही म्हणाल तसा लावते. त्या बोलतील. मोठ्यानं बोलतील. 'त्या बुढ्याले अक्कल नाही का,' असं म्हणाल्या तर नाही म्हण. बापूजी मध्ये पडले तर त्यांना पडू दे. घर ठेवतील की नाही, ते मला आज सांगता येत नाही. येत असतं तर टपरीवरचा चहा प्यालो असतो.

आणखी एक त्यांना विचारायचं आहे, आणि हे पत्र खरं त्यासाठीच आहे. घर ठेवलंच, तर मागच्या खोलीत दोन माणसं राहायला आली तर चालेल का, हे विचार. मी आणि तुझी आई. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात माझा इलाज लांबेल, दर आठवड्याला दाखवावं लागेल, आणि आर्णीहून येऊन-जाऊन ते जमणार नाही. शुक्रवारी तुझा फोन येतो तेव्हा अब्बा बोलायला का येत नाहीत, असं तू आईला विचारतेस. जीशानचा राग आलाय असं तुला वाटतं. जीशानचं मला काही वाटत नाही, त्याच्या जागी मीही न बोलता जेवलो असतो. कापूस घेतला त्या दिवशी मी सरकी दाताखाली दाबली तेव्हा गाडीवाला, हमाल, शेतकरी सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे होते, आणि मी मान हलवून माल भरायला सांगितला. डाव्या कानानं मला रमजानच्या आधीपासून काहीच ऐकू येत नाही, आणि उजव्यानं आता फोनची घंटीसुद्धा येत नाही.

तुझाच,
अब्बा