नळीतला पिवळा थर

सर, रक्तपेढीचा तुमच्या वेळचा बेसमेंट अजून तसाच आहे. रजिस्टरं गेली, नळ्यांवर बारकोड आले, रक्ताचा गट आता मशीन सांगतं. खिडकी मात्र आली नाही. तुम्ही बसायचात त्या टेबलाशी मी बसते. समोर एक फॉर्म आहे. काल काय चुकलं, कोणाकडून, ते लिहून पाचच्या आत वर द्यायचं आहे. सकाळपासून मी एकच शब्द लिहिला आहे: लेबल.

काल दिल्लीजवळच्या मानेसरच्या कारखान्यातल्या एका कामगाराला रक्त चढवायचं होतं. त्याची जुनी नोंद आपल्याकडे नव्हती, म्हणून नियमाप्रमाणे वॉर्डातून दोन नमुने आले, दोन तासांच्या अंतराने. दोन्हींचा गट ए. मशीनला शंका घ्यायचं काही कारण नव्हतं. पिशवी वर गेली. सिस्टरने त्याला नाव विचारलं, त्याने सांगितलं, मनगटावरची पट्टी जुळली. ती पिशवी जोडणार इतक्यात तो म्हणाला, "मैडम, इस पे तो ए लिखा है. मेरा ओ है." कंपनीतल्या रक्तदान शिबिराचं कार्ड त्याच्या पाकिटात होतं. नव्याने रक्त काढून आम्ही पुन्हा तपासलं. ओ. ते कार्ड खोलीवर राहिलं असतं तर हा फॉर्म वेगळा असता, आणि तो माणूस कदाचित नसता.

मग तीच सिस्टर स्वतः खाली आली. दार लावून घेतलं. "दीदी, बगलवाले बेड का ब्लड निकाल लिया मैंने. एक ही प्रिक में दोनों ट्यूब भर लीं. दूसरी जेब में रखी, बाद में भेज दी." ती म्हणाली, "सब करते हैं. आपको तो पता है." आणि मग, "अगले महीने कॉन्ट्रैक्ट है मेरा. आप लेबल की गड़बड़ लिख दो ना."

आपको तो पता है. तेव्हापासून हे चार शब्द मला हलू देत नाहीत.

हा नियम कागदावर यायच्या आधी तुम्ही तो इथे चालवत होतात. दोन नमुने, दोन टोचण्या, काढणारे दोन वेगळे हात. एकाच टोचणीच्या दोन नळ्या म्हणजे एकाच साक्षीदाराला दोनदा विचारणं, असं तुम्ही म्हणायचात. तो खोटं बोलत असेल तर दोनदा तेच बोलेल. तरुण डॉक्टर वैतागायचे. तुम्ही पट्टीवरचं नाव पुन्हा वाचायला लावायचात. "डॉक्टर साहब, दो बार पूछने से नाम घिसता नहीं." फौजेतून आलात, आवाज तसाच राहिला. जेवताना मात्र आपण मराठीत बोलायचो. मी दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, एकदा म्हणाले, "सर, मी ब्लड निकाललं." तुम्ही घास हातात धरून थांबलात. "पोरी, काढलं म्हण. निकाल परीक्षेचा लागतो." आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा माझ्याकडे सरकवलात.

त्याच वर्षीची एक दुपार. वॉर्डात एक म्हातारी आहे, हात काटकीसारखे, दोन्हीकडे निळे डाग. पहिला नमुना दुसऱ्याने काढलेला, पण काउंटरवर नळी फुटली, म्हणून दोन्ही नव्याने हवे आहेत. मी एकटी जाते. ती मला पाहूनच रडू लागते. मी एकदाच टोचते, दोन नळ्या भरते. एक खाली देते, एक कोटाच्या खिशात ठेवते. दुसऱ्या हाताचा प्रश्न तुम्ही विचारता तेव्हा सांगते, दुसरं कोणी मोकळं नव्हतं. दोन तासांनी खिशातली नळी बाहेर काढते तेव्हा पेशी खाली बसल्या आहेत, वर पिवळा थर आहे. ताज्या नळीत तो नसतो. मी जिन्यात थांबून नळी हलवते, थर मोडेपर्यंत. तुम्ही ती उजेडात धरता. बराच वेळ, असं मला वाटतं. "शीर सापडली?" "हो सर." तुम्ही खिशातलं नळीवर लिहायचं पेन काढून मला देता. "ठेव. तुझा हात चांगला आहे."

त्या म्हातारीला काही झालं नाही. रक्त तिचंच होतं. म्हणूनच मी ते इतकी वर्षं विसरू शकले.

काल दुपारीही तसंच झालं. त्या कामगाराच्या दुसऱ्या नळीवर नुकतीच भरल्याची वेळ होती आणि वर पिवळा थर. मी मनात म्हटलं, लिफ्ट बंद असेल, नळी वाटेत रखडली असेल. नळी हलवली आणि मशीनमध्ये लावली. अशा किती नळ्या मी हलवल्या, मोजलेल्या नाहीत. लेबल लिहिलं तर उद्याही त्या येतील, आणि प्रत्येकाच्या पाकिटात कार्ड नसेल. खरं लिहिलं तर सिस्टरची नोकरी जाईल. तिने नाव नीट विचारलं, म्हणून तर तो बोलला. तुम्ही असतात तर काय लिहिलं असतं, हे मला माहीत आहे. त्याने मदत होत नाही.

साडेचार झाले. अटेंडंटने आत्ताच एक ट्रे ठेवला. त्यातल्या एका दुसऱ्या नळीत थर आहे. हात आपोआप गेला. हलवली नाही. ती फॉर्मवर उभी करून ठेवली आहे. 'लेबल' खोडून मी लिहिलं: दुसरी नळी आधी भरलेली होती, हे पाहताच कळत होतं, ती घेतली मी. खाली माझं नाव. भरली कोणी, ही पुढची ओळ कोरी आहे, आणि ती कोरी ठेवून फॉर्म घेत नाहीत.

सर, त्या दिवशी म्हातारीची दुसरी शीर सापडली नव्हती असं नाही. मी शोधलीच नव्हती.